खणखणीत

"ज्या दिवशी हे मशीन बंद पडन, त्या दिवशी ह्या संघाचा कारभार बंद पडन. लिहून ठेवा," भिंतीवरच्या राखाडी पेटीचं झाकण दोन्ही हातांनी उचलत देवमन तायडेनं जाहीर केलं.

मशीन तीन आठवड्यांपासून बंद होतं. कारभार एरवी जेवढा चालू असायचा, तेवढा चालू होता.

ज्यांना उद्देशून ही घोषणा झाली, ते हेडक्लार्क भगवंतराव खाली शिडी धरून उभे होते. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. झाकणाबरोबर पेटीतून एक वाळकी पाल त्यांच्या बुटापाशी पडली होती, तिच्याकडे ते पाहत होते.

"हे कधीची व्हय?"

"दोन हजार सतराची असन," देवमन वरूनच म्हणाला. "तवा मी तिसरं कार्ड बदललं होतं. तवा जिती होती."

पेटी म्हणजे काटेपूर्णा बियाणे उत्पादक सहकारी संघाच्या अकोल्याच्या कचेरीतलं टेलिफोन एक्स्चेंज. बाहेरच्या चार लाइनी आत घ्यायच्या, खोल्याखोल्यांतल्या फोनना वाटायच्या, आणि एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत पोचवायचं, एवढंच तिचं काम. सत्त्याण्णव साली ती बसवली तेव्हा बत्तीस फोन होते, दारात मंडप होता, आणि अध्यक्षांनी पहिला फोन शेजारच्या खोलीतल्या उपाध्यक्षांना करून "हॅलो, मी बोलून राहिलो" असं सांगितलं होतं. ते भिंतीपलीकडून तसंही ऐकू आलं होतं. आता फोन चौदा उरले होते. पेटी बनवणारी कंपनी उरली नव्हती. पेटी बसवणारा देवमन तेवढा उरला होता.

एकेकाळी अमरावतीपासून बाळापूरपर्यंत एकतीस कचेऱ्यांची एक्स्चेंजं त्याच्या हाताखाली होती. मग लोकांनी मोबाइल घेतले आणि जिन्याखालच्या टेलिफोनच्या खोलीत झाडू ठेवायला सुरुवात केली. जिथली पेटी निघे तिथली सर्किटची कार्डं देवमन पिशवीत घालून घरी आणी. अमरावतीच्या राजापेठेतल्या त्याच्या पलंगाखाली अशा सात मेलेल्या एक्स्चेंजांचे अवयव होते आणि त्यांच्यावर हे आठवं जगत होतं. एकतिसातलं हे शेवटचं.

आज काम दुहेरी होतं. मशीन सुरू करायचं, आणि सगळे नंबर बदलायचे.

नंबरांचं असं होतं की संघात नंबर खोलीचा नसे, माणसाचा असे. माणूस खोली बदलायचा तेव्हा खुर्चीवरची उशी, टेबलाच्या काचेखालचा फोटो आणि इंटरकॉमचा नंबर बरोबर घेऊन जायचा. भगवंतरावांचा दोनशे सात गेल्या बावीस वर्षांत सहा खोल्या फिरला होता आणि सहाही वेळा त्यामागून देवमननं वायर ओढली होती. एका संचालकांनी निवडणूक हरल्यावरही नंबर सोडायला नकार दिला, तेव्हा तो समोरच्या पानठेल्यावर ओढून द्यावा लागला होता. ते तिथंच बसायचे. परिणामी तळमजल्यावर ओळीनं दोनशे सात, दोनशे एकतीस, एकशे अठरा आणि चार असे नंबर होते, आणि कोणता नंबर कुठं जोडलाय ते फक्त दोघांना ठाऊक होतं. एक देवमन. दुसऱ्या, टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्या ऑपरेटर शकुनताई.

तीन महिन्यांपूर्वी आलेले व्यवस्थापक पियुष साहेब हे पाहून घाबरले. पुढच्या आठवड्यात विभागीय कार्यालयाची तपासणी अमरावतीहून येणार होती. तपासणीच्या फॉर्मवर 'अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा सुस्थितीत आहे काय?' असा प्रश्न होता. आजवर त्यापुढं 'होय' लिहून भागत असे. यंदा सोबत प्रमाणपत्र मागितलं होतं: प्रत्येक लाइन बोलून व ऐकून तपासली. बोलून, म्हणजे ऑपरेटरची सही. ऐकून, म्हणजे तंत्रज्ञाची.

"मंग माहा दोनशे सात गेला म्हना," भगवंतराव खालून म्हणाले.

"गेला. तुमी आता एकशे तीन."

"एकशे तीन काहून? एकशे तीन त्या चपराशाचा होता. वारला तो."

"आता नंबर खोलीचा हाये, मानसाचा नाई."

"माह्या पोराच्या पत्रिकेवर छापला होता न भाऊ दोनशे सात. निमंत्रकाच्या नावाखाली." भगवंतरावांनी शिडी सोडून दोन्ही हातांनी पत्रिकेचा आकार दाखवला. "आता कोनी दोनशे सातवर फोन केला तं?"

"कोन करन?"

भगवंतराव विचारात पडले. पुष्कळ वेळ पडले.

"करन तं कोनी नाई," ते शेवटी म्हणाले. "पन केला तं?"

देवमननं हे सगळं नीट ऐकलं होतं. वऱ्हाडात माणसं मुळातच एका वावरातून दुसऱ्या वावरात बोलल्यासारखी बोलतात, आणि भगवंतराव तर मधे नाला असल्यासारखे बोलत. शिवाय तोंड समोर होतं. तोंड समोर असलं की देवमनचं निभत असे.

फोनमधलं मात्र त्याला आता काहीच ऐकू येत नव्हतं.

एका ओळीत सांगायचं तर एवढंच. पण ही एक ओळ सांगायला दोन वर्षांत त्याला माणूस सापडला नव्हता. आधी रातकिडे गेले. मग कुकरची शिटी गेली. मग जावयाचं बोलणं गेलं. त्यात फारसं नुकसान नव्हतं, जावई विमा विकायचा. मग एका दुपारी सात वर्षांची नात आचल मांडीवर चढली, त्याच्या कानाला तोंड लावून तिनं काहीतरी गुपित सांगितलं, आणि त्याच्या कानात नुसतं ऊन वारं आलं. तो हसला. गुपितावर हसायचं असतं असं त्याला वाटलं. आचल मांडीवरून उतरून आईकडे गेली. गुपित काय होतं ते त्याला अजून कळलं नव्हतं. हसायचं नव्हतं, एवढं मात्र तिच्या पाठीवरून कळलं होतं.

राजापेठेतल्या कानाच्या डॉक्टरच्या जिन्यापर्यंत तो दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा खालच्या दुकानातून आचलसाठी पेन्सिली घेऊन परतला. पेन्सिली पुष्कळ झाल्या होत्या. वर गेलो असतो तर ते कागदावर आलं असतं, आणि कागदावर आलेली गोष्ट अमरावतीहून अकोल्याला यायला एक बस पुरते. टेलिफोनवाला बहिरा झाला हे कळल्यावर लोक आधी हसले असते आणि हसून झाल्यावर त्यांनी त्याला बोलावलं नसतं. पिशवी खांद्याला लावून सकाळची बस पकडायचं कारण संपलं असतं. मग राहिली असती राजापेठेतली खोली, पलंगाखालची कार्डं, आणि समोर तोंडं हलवत येणारी-जाणारी माणसं. हे शेवटचं एक्स्चेंज म्हणूनच त्याला मरू द्यायचं नव्हतं. ते जिवंत होतं तोवर आपण ऐकणाऱ्यांत मोडतो, असा त्याचा हिशेब होता.

त्यानं पाचवं कार्ड काढलं, कडा पेन्सिलीच्या खोडरबरानं घासून चकचकीत केल्या, परत बसवलं. पेटीत कुठं तरी एखादा जीव जागा झाल्यासारखी बारीक थरथर हाताला लागली. हात अजून पक्के होते. कुठली वायर कुठल्या जुडग्यातली, निळ्या-पांढऱ्याच्या मागे कोणती केशरी, हे बोटं डोळे मिटून सांगत. मीटरचा काटा वायर शाबूत आहे की नाही ते सांगे; काटा बोलत नसे, दाखवत असे, म्हणून देवमनला तो बऱ्याच माणसांपेक्षा आवडायचा. पण वायर शाबूत असणं वेगळं आणि तिच्यातून आवाज जाणं वेगळं. ते कानाशिवाय कळत नाही. त्याला सरकारी इलाज नाही आणि खाजगीही नाही.

अकरा वाजता तो शिडीवरून उतरून शकुनताईंच्या खोलीत आला. नवे नंबर त्यांच्या बोर्डावरूनच भरायचे असत. एकेक आकडा दाबायचा. मशीननं तो घेतला की लाल दिवा तीनदा मिचकायचा, नाही घेतला की जळत राहायचा. पूर्वी देवमन दिव्याकडे पाहतही नसे. रिसीव्हरमध्ये सूर यायचा, त्यावरून त्याला कळायचं.

शकुनताई बाळापूरहून रोज येत. त्याही सत्त्याण्णवपासूनच्या. तेव्हा कचेरीत कोण कोणाला कितीदा फोन करतं यावरून बढत्या आणि भांडणं त्यांना महिनाभर आधी कळत. आता बोर्ड दिवसातून दोनदा वाजायचा. एकदा एक म्हातारा सोयाबीनचा भाव विचारायचा. संघ सोयाबीन विकत घेत नाही हे त्याला बारा वर्षं सांगून झालं होतं. दुसरा फोन चुकून आलेला असायचा. मशीन बंद म्हणून नोंद झाली तर ऑपरेटरची जागा जाणार होती आणि निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या ताईंची बदली भातकुलीच्या गोदामात, पोती मोजायला.

शेवटचा आकडा दाबला. दिवा मिचकला. एक, दोन, तीन.

"घेतलं!" देवमन म्हणाला.

"घेतलं का? वाचलो बाप्पा." ताई त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलत. वयानं माणूस सावकाश होतो, असं देवमनला वाटायचं. "जेवले का भाऊ?"

"फिरून आल्यावर जेवतो. चौदाच तं हायेत. मी खोलीखोलीतून नऊ दाबतो, तुमी इथून बोला. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं," ताई म्हणाल्या. मग त्याच्याकडे जरा पाहत राहिल्या, आणि खुर्ची बोर्डाजवळ ओढून बसल्या.

नेहमीसारखं म्हणजे काय, हे सत्तावीस वर्षांत एका अक्षरानंही बदललं नव्हतं. देवमननं रिसीव्हर उचलून नऊ दाबायचं. ताईंनी म्हणायचं, बोला भाऊ. त्यानं म्हणायचं, ताई, कसा आवाज? ताईंनी म्हणायचं, खणखणीत, तुमच्याकडे? त्यानं म्हणायचं, इकडेबी खणखणीत, ठेवतो. या न बदलण्यानंच त्याला दोन वर्षं तारलं होतं. 'बोला भाऊ'ला मनात तीन आकडे लागतात. 'खणखणीत, तुमच्याकडे'ला चार. तेवढे मोजायचे आणि आपलं वाक्य म्हणायचं. मोजण्यात तो कधी चुकला नव्हता.

बारा वाजता फेरी सुरू झाली.

पहिल्या खोलीतला फोन खरिपाच्या जुन्या अर्जांखाली सापडला. दुसरीतला खिडकीच्या फटीत अडकवला होता. काढल्यावर खिडकी आपटायला लागली, म्हणून तपासून परत तिथंच लावला. भांडार विभागातला फोन अठरा वर्षांपूर्वी बदलून दिला होता आणि अजून त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. खराब होईल, असं भांडारपालांचं म्हणणं पडलं. देवमननं पिशवीच्या वरूनच नऊ दाबलं. एक, दोन, तीन. "ताई, कसा आवाज?" एक, दोन, तीन, चार. "इकडेबी खणखणीत. ठेवतो."

बियाणे तपासणीच्या खोलीत प्रियदर्शनी नावाची नवी मुलगी ओल्या टीपकागदावर मोड आलेले दाणे मोजत होती. दाणे मोजता मोजता तिनं पाहिलं आणि तिचे दाणे चुकले.

"काका, हा चालू असतो?"

"आजपासून."

"मला वाटलं शोसाठी ठेवलाय."

"नऊ दाबलं का ताई लागते. कधीबी दाबत जा. त्याहिले बरं वाटन," देवमन म्हणाला आणि त्यानं दाबून दाखवलं, ताईंशी बोलून दाखवलं. मुलगी कौतुकानं पाहत होती. म्हातारं माणूस मोटेला बैल कसे जुंपत ते दाखवायला लागलं की लोक पाहतात, तसं.

भगवंतराव आपल्या खोलीत वाटच पाहत होते. फोनवर नवा नंबर लिहिलेला कागद चिकटवला होता आणि तो त्यांनी पेनस्टँडनं झाकून ठेवला होता. देवमननं रिसीव्हर उचलला. तीन आकडे. चार आकडे. ठेवणार, तोच भगवंतरावांनी हात धरला.

"त्याहिले सांगा, माहा दोनशे सात गेला म्हना."

हे फेरीत नव्हतं. देवमननं रिसीव्हर घट्ट धरला. "ताई, भगवंतराव म्हन्तेत, त्याहिचा दोनशे सात गेला."

यावर ताई गप्प बसणं शक्य नव्हतं. काहीतरी तिखट बोलल्याच असणार. त्यानं पाचपर्यंत मोजलं, वर एक जास्तीचा धरला, आणि मोठ्यानं हसला.

"काय म्हन्ते? काय म्हन्ते त्या?"

"म्हन्ते, तेरवी कधी हाये."

भगवंतराव टेबलावर थाप मारून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "ताई म्हंजे ताईच हाये बाप्पा! सत्तावीस वर्षांत धार गेली नाई!"

देवमन जिना चढून वर जाताना स्वतःशी हसत होता. विनोद चांगला जमला होता. ताईंना शोभणारा होता. त्यांनी खरोखर हाच केला असेल तरी नवल नाही, असंही त्याला एका पायरीवर वाटून गेलं. वरच्या मजल्यावरचे सहा फोन त्यानं झपाट्यानं उरकले. प्रत्येक ठिकाणी 'खणखणीत' आणखी खणखणीत म्हटलं. खूप दिवसांनी त्याला जेवायची भूक लागली होती.

चौदावा फोन पियुष साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये होता.

देवमननं काचेवर बोट वाजवलं आणि दार ढकललं. साहेब लॅपटॉपमध्ये होते. त्यांच्या दोन्ही कानांत ती पांढरी बोंडं होती. अमरावतीच्या मीटिंगमध्ये ते या अकोल्याच्या खुर्चीवरून बसले होते. त्यांनी नजर न उचलता, चालू द्या, असा हात केला. फोन खिडकीजवळच्या कोपऱ्यात, तिपाईवर होता. देवमन कागदपत्रांना धक्का न लावता कडेकडेनं तिथं गेला, खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं नऊ दाबलं.

एक, दोन, तीन.

"ताई, कसा आवाज?"

खाली आवारात कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. पाय खाली जात होता, वर येत होता. एक, दोन, तीन, चार.

"इकडेबी खणखणीत. हा शेवटचा व्हय ताई. चौदाच्या चौदा बराबर. भगवंतराव अजून हासून राहिलेत तुमच्या बोलन्यावर. येतो मी खाली, च्या मांडा."

त्यानं रिसीव्हर ठेवला आणि वळला.

कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत, बुटक्या खुर्चीवर, मांडीवर नव्या नंबरांचं रजिस्टर घेऊन शकुनताई बसल्या होत्या.

त्यांचं बोट रजिस्टरच्या एका ओळीवर होतं. ओळ अर्धी वाचून झालेली दिसत होती. शेजारच्या स्टुलावर त्यांच्यासाठी आणलेला चहा तसाच होता आणि त्यावर जाड साय धरली होती. अशी साय दोन-पाच मिनिटांत धरत नाही. साहेबांनी त्यांना केव्हाच वर बोलावून घेतलं असणार, नवे नंबर एकेक वाचून दाखवायला. साहेब मीटिंगच्या मधल्या फटीत ते टाइप करत असणार. खाली बोर्डासमोर कोणी नव्हतं. भांडारातल्या पिशवीतून, टीपकागदावरच्या दाण्यांशेजारून, एकशे तीनवरून, तो रिकाम्या खुर्चीला विचारत होता, कसा आवाज. आणि रिकाम्या खुर्चीनं जे सांगितलं त्यावर पोट धरून हसला होता.

देवमननं परत फोनकडे तोंड केलं. रिसीव्हरच्या दोरीला पीळ पडला होता. तो त्यानं उलगडायला घेतला. एक वेटोळं सरळ केलं, दुसरं केलं. तिसऱ्यापाशी हात थांबले.

त्याला शकुनताईंच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नव्हतं. दिसलं असतं तर बरं झालं असतं. आश्चर्य वाटलेल्या माणसाला काहीतरी सांगता येतं. रेंज, कार्ड, जुनं मशीन. ताई फक्त पाहत होत्या, पुष्कळ दिवसांपासून माहीत असलेल्या गोष्टीकडे पाहावं तसं. मग गेली दोन वर्षं, त्या खरोखर बोर्डावर असत तेव्हा, पलीकडून त्या काय बोलत होत्या? 'खणखणीत'च म्हणत होत्या, की नुसताच रिसीव्हर धरून बसत होत्या? की हा ऐकत नाहीच तर, म्हणून एखाद्या दिवशी आपलं काही सांगूनही टाकलं होतं, मुलाचं, गुडघ्याचं, भातकुलीचं, आणि त्यावर यानं म्हटलं होतं, इकडेबी?

पियुष साहेबांनी एका कानातलं बोंड काढलं. त्यांचे ओठ हलले. झालं?

देवमननं तोंड उघडलं. या दिवसासाठी त्याच्याकडे एक वाक्य तयार होतं. दोन वर्षं ते त्यानं बसमध्ये, जिन्यात, पेन्सिलींच्या दुकानात घोकलं होतं. ते ओठांपर्यंत आलं.

त्याआधी शकुनताई उठल्या. त्या बोलल्या साहेबांना, पण तोंड त्यांनी देवमनकडे ठेवलं होतं, आणि एकेक शब्द वेगळा करून बोलत होत्या.

"झालं, सर. मी खाली बोर्डावरून चौदाही लाइनीवर बोलली. आवाज खणखणीत हाये."

तास-दीड तास त्या साहेबांच्या समोर, चार हातांवर बसल्या होत्या. साहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी मान हलवली, प्रमाणपत्राचा कागद पुढं सरकवला आणि बोंड परत कानात घातलं.

ताईंनी 'बोलून तपासले' याच्यापुढं सही केली. अक्षर नेहमीसारखंच, शाळेतल्या बाईंसारखं, गोल. मग पेन उलटं धरून त्यांनी देवमनपुढं केलं. 'ऐकून तपासले' याच्यापुढची जागा मोकळी होती. हे त्यांनी त्याच्यासाठी केलं की गोदामातली पोती टाळायला केलं, हे विचारता आलं असतं. पण विचारलेल्याचं उत्तर ऐकावं लागतं. देवमननं सही केली. तारीख टाकली. कागदाचा कोपरा दुमडला होता, तो अंगठ्यानं सरळ केला.

चौदांपैकी किती फोन खरोखर चालू होते, हे आता जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि मग, पेन परत देता देता, त्याच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. किती मोठ्यानं पडलं हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

"साहेब, मले ऐकू येत नाई."

शकुनताईंनी खाली पाहिलं. त्यांनी रजिस्टर मिटून छातीशी धरलं.

साहेबांनी लॅपटॉपमधल्या कोणाकडे तरी पाहून मान हलवली. पुन्हा हलवली. मग देवमन समोर उभाच आहे असं डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं म्हणून त्याच्याकडे अंगठा वर करून हसले. छान काम केलं, असा तो अंगठा होता.

देवमननं पिशवी खांद्याला लावली. मीटर आत आहे ना ते चाचपून पाहिलं. दारापर्यंत गेला तेव्हा मागून बाही ओढली गेली. ताई होत्या. त्यांनी मागं बोट दाखवलं. साहेब काहीतरी म्हणत होते. दोन्ही बोंडं काढून टेबलावर ठेवली होती आणि मान वर करून छताकडे पाहत होते. देवमन वळला, त्यांच्या ओठांवर नजर लावून उभा राहिला.

"काका, जाता जाता एक छोटं काम. हा पंखा परवापासून कसला तरी आवाज करतोय. मीटिंगमध्ये फार त्रास होतो हो. दोन मिनिटं जरा खाली उभे राहून ऐका ना, नेमका कुठून येतोय ते."